जादा नळी

पंचाहत्तर ग्रॅमची पुडी फोडते, पाण्यात ढवळते,
आणि रोजचं तेच सांगते:
पाच-दहा मिनिटांत संपव. उलटी झाली तर उद्या पुन्हा यावं लागेल.
सुकेशनी ग्लास नाकाशी नेते.
"मॅडम, माह्या डोहायजेवणातबी इतकं गोड नोतं देल्लं कोणी."

दहा चाळीस.
आता बारा चाळीसपर्यंत बाकावर बस.

फेब्रुवारीपासून मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडून
तिच्या बोटांची टोकं लाल, पेटलेली.
रात्री ताकात बुडवून झोपते म्हणे.
सुई कुठल्या बोटाला टोचू?
"कोन्त्याबी. मिरचीपुढं तुमची सुई म्हंजे थंडाई."

यंदा दंडातून एक जादा नळी काढायची आहे.
नागपूरच्या मेडिकलवाल्यांचा अभ्यास:
गर्भारपणात रक्तात ड जीवनसत्त्व किती,
साखर किती,
आणि दोघांचं आपसात काही आहे का.
पिवळं झाकण, बर्फाचा डबा, गुरुवारची गाडी.

"ड म्हंजे?"
ऊन, मी म्हणते. अंगावर पडलेलं ऊन.
ती हसते, आधी हळू, मग पोट धरून,
बाकावरच्या दोघीही हसू लागतात.
"भिवापुरात ऊन कमी पडलं?
मंग आमाले काऊन नाई सांगतलं कोणी?"

बाहेर चव्वेचाळीस.
पत्रा तडतडतोय, डांबर चप्पल धरून ठेवतंय.

मी तिला अंगावरचे कपडे मोजायला लावते.
साडी. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, तिखट उडतं म्हणून.
तोंडाला दुपट्टा, डोळ्यांपुरती फट.
पहाटे अंधारात टेम्पो,
दिवसभर ताडपत्रीची सावली,
परत येताना पुन्हा अंधार.
ऊन सगळं मिरच्यांना.
त्या पटांगणभर उताण्या,
उघड्या अंगानं.

(माझी नळीही पाठवली होती, गंमत म्हणून.
अकरा आलं. वीस तरी हवं होतं.
या खोलीला खिडकी आहे,
तिच्यापुढे फ्रीज आहे.)

"मंग ऊन कमी म्हून साखर वाढते का?"
डॉक्टरांना विचारलं होतं मी. म्हणाले, ठाम नाही.
पुष्कळदा दोघं बरोबर दिसतात, इतकंच.
जशा एकाच टेम्पोतून दोघी उतरतात.
एकीनं दुसरीला हाक मारून आणलं,
की दोघींना एकाच फाट्यावरून कोणी तिसऱ्यानंच उचललं,
एका नळीत कळत नाही.
म्हणून तर पाचशे नळ्या.

बारा चाळीस. थेंब. यंत्र पाचपासून उलटं मोजतं.
एकशे अठ्ठावन्न.
"हे जास्त का कमी?"
जास्त.
ती पंख्याकडे बघते जरा वेळ.
"गोड तं तुमीच पाजलं."

पाजलं. बाकावरच्या दोघींनाही तेवढंच पाजलं,
एकीचं सत्त्याण्णव, दुसरीचं एकशे बारा.
हे तिला सांगताना
मी काहीतरी चोरून घेतल्यासारखा माझा आवाज येतो.
भात कमी, ज्वारीची भाकर चालेल, भाजी जास्त,
जेवल्यावर चालायचं, पंधरा दिवसांनी परत.
चहा बिनसाखरेचा.
"दुपारी चहा-टोसवरच असतो जी आमी.
साखर काढली तं त्यात राह्यते काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नाही.

जादा नळीचा निकाल दिवाळीनंतर येणार.
तोवर बाळ कुशीवर वळायला लागलेलं असेल.
ती दारात थांबते, शर्टाची एक बाही
कोपरापर्यंत वर सारते,
कापसाचा बोळा दाबत कडुनिंबाच्या सावलीबाहेर उभी राहते.
मिनिटभर असेल.
"बाप्पा, भाजते!"
आणि बाही खाली, दुपट्टा वर, टेम्पोत.

हातमोजे सोमवारीच संपलेत.
नळीवर नाव लिहिताना डोळ्याला बोट लागलं,
तिच्या हातची मिरची.
दोन वेळा धुतला डोळा, तरी पाणी थांबेना,
आणि लेबलवर
आठवडा सव्वीसचा सत्तावीस झाला,
खोडून पुन्हा लिहावा लागला.